दोन वाऱ्यांच्या मधला तास

(दाभोळ खाडीकाठचं गाव. मे महिना, सकाळचे साडेदहा. पत्र्याची शेड, वर झावळ्या.)

मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, थांबलीय आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुटलेला नाही. कोकणातल्या माणसाला हा मधला तास चांगला ठाऊक असतो. माडाचं पातं हलत नाही, सदरा पाठीला चिकटतो. शेडमधल्या कोंबड्यांचं सध्या एकच काम चाललंय. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे, गळ्याखालची कातडी लवलवतेय. धापा टाकतायत.

कोंबडीला घाम येत नाही, घर्मग्रंथीच नाहीत तिला. अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः श्वासावाटे पाण्याची वाफ करून. विदर्भातल्या कोरड्या हवेत ही वाफ पटकन उडते. इथे पारा 33-34 वर घुटमळतो खरा, पण हवा आधीच पाण्याने जड. म्हणजे धापा जास्त, गारवा कमी. देशावरचं बघून फॉगर (बारीक तुषार उडवणारी यंत्रं) बसवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. वारा नसताना इथे फवारा मारणं म्हणजे दमटपणात भर.

(कोंबड्या पाळणाऱ्या काकींच्या तळहातावर अंडं. अंगठ्याने जरा दाबतात, कवच आत जातं.)

"एप्रिल लागला की असंच. बोट लावलं की मोडतंय."

या पातळ कवचाचं मूळ त्या धापांत आहे. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यातला कार्बोनेट तयार होतो याच वायूपासून, आणि ते काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जस्त लागतं. बिघडलेला तोल सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, पोटॅशियमही वाहून जातं. वर उकाड्याने भूक मेलेली, त्यामुळे खाद्यातून यायचं तेही कमीच येतं.

म्हणून उन्हाळ्यात खाद्यात टनाला 2 ते 5 किलो खाण्याचा सोडा घालतात, पाण्यात पोटॅशियम क्लोराइड किंवा तयार इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर. जस्त, सेलेनियम, जोडीला क आणि ई जीवनसत्त्व. सेलेनियमला मात्र हात राखून. ते लागतं चिमटीहूनही कमी, जास्त झालं तर विषच.

(विहीर. काकी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखतात, तोंड वाकडं करतात.)

पावडरीच्या पुडीवर लिहिलेलं नसतं ते इथे आहे. ही विहीर खाडीला लागून. मे महिन्यात तळ दिसायला लागला की पाणी मचूळ होतं. गेल्या उन्हाळ्यात काकींनी याच पाण्यात पावडर पुऱ्या मापाने टाकली. कोंबड्या ढसाढसा पाणी प्यायल्या, विष्ठा पातळ झाली, खाली अंथरलेला भाताचा तूस चिकचिकला आणि शेडमध्ये डोळे झोंबेपर्यंत वास कोंडला.

"मला वाटलं, पावडरच बनावट."

बनावट काही नव्हतं. खारटात खारट पडलं होतं. यंदा त्यांनी आधी पाणी तपासून घेतलं. पावडरीपुरतं नळाचं पाणी आणतात, आणि सोडा घातला की खाद्यातलं मीठ त्या हिशेबाने उतरवतात, कारण सोडियम दोन्हींत आहे. टाकी छपरावरून उतरवून फणसाच्या सावलीत ठेवलीय, वर ओलं गोणपाट. तापलेल्या पाण्याला कोंबडी चोच लावत नाही, मग त्यात कितीही भारी औषध घाला.

(संध्याकाळ. पडवीत खलबत्ता, शेजारी सुपात कालवांचे शिंपले.)

कोकणात एके काळी या शिंपल्यांची भट्टी लावून भिंतींसाठी चुना काढत. काकी ते गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून कुटतात. पीठ करत नाहीत, मसुरीएवढे तुकडे ठेवतात. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्याचं बरंचसं काम रात्री चालतं. पीठ पोटातून लवकर पुढे सरकतं. तुकडे मात्र गिझार्डमध्ये, म्हणजे कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, ऐन गरजेच्या वेळी कॅल्शियम पुरवत राहतात. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, ते कुठून तरी यायलाच हवं. खाद्यातून आलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते.

बत्त्याचा आवाज सुरू झाला तशी शेडमधली कलकल वाढली. दुपारी खाद्याकडे न बघणाऱ्या कोंबड्या जाळीशी येऊन माना बाहेर काढतायत.

"थांबा गो बायांनो," काकी सूप उचलतात. "अजून चाळायचंय."