एकट्याने उचलू नका, सरकवा

नमस्कार श्रोतेहो. घरात पक्षाघाताचं माणूस असलं की त्याचं सगळं करणारं बहुतेकदा एकच असतं: बायको, सून, नाहीतर मुलगा. काखांत हात घालून उचलायचं आणि खुर्चीत ठेवायचं, हेच आपण पाहत आलो. यात उचलणाऱ्याची कंबर जाते आणि आजाऱ्याचा लुळा खांदा निखळू शकतो. अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सूत्रावरून रुग्ण हलवताना एकावर १६ किलोंहून जास्त भार येऊ नये. आपलं माणूस ५०-६० किलोंचं असतं.

पायावर थोडा भार घेता येत असेल, बोललेलं समजत असेल, तर चाकांची खुर्ची आजाऱ्याच्या चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी लावा. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. आजाऱ्याला काठावर बसवून दोन-तीन मिनिटं थांबा, कारण लगेच उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते. मग पुढे झुकवा, नाक पावलांच्या वर येईपर्यंत. बूड आपोआप हलकं होतं. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, गळ्यात हात टाकू देऊ नका.

उभंच राहता येत नसेल तर पेशंट लिफ्ट, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारं चाकांचं यंत्र, भाड्याने आणा. झोळीचे फास दोन्हीकडे एकाच रंगाचे लावा, आजाऱ्याला चार बोटं वर उचला, थांबा, सगळे फास नीट ताणलेत ना ते पाहा. खुर्चीचे ब्रेक लावलेले हवेत, पण उचलताना लिफ्टची चाकं सहसा मोकळी ठेवतात, म्हणजे ती वजनाखाली स्वतः सरकून मधोमध येते. माणूस घाबरून हातपाय झाडत असेल तर लिफ्ट असूनही शेजाऱ्याला हाक मारा. त्यात संकोच कसला?

बसवलं की काम संपलं असं वाटतं, पण खरं जपायचं तिथूनच. बूड खुर्चीच्या पाठीला भिडलेलं हवं, पावलं पूर्ण टेकलेली, लुळा हात उशीवर. पुढे घसरून बसलं की सगळा भार माकडहाडावर येतो आणि तिथे दाबाने जखम होऊ शकते. त्यासाठी लोक हौसेने रबरी रिंग आणतात. ती कृपा करून आणू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. दर अर्ध्या तासाने तरी पुढे, बाजूला झुकवा. रात्री माकडहाडाची ती जागा उजेडात बघा. दाबूनही लाली जात नसेल तर त्यावर बसवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का, ते पाहा.