भाव वाढला आणि गोण्या आटल्या

नमस्कार. सेक्रेटरींनी फोन केला तेव्हा ते म्हणाले, ताई चॉकलेटवर बोला, मुलंपण येतील. मी म्हटलं चॉकलेटवर नाही, ज्यांच्या घरात कोको पिकतो त्या घरांबद्दल बोलते, मुलांनाही कळेल. साडेतीन वर्षं घानात होते मी, कुमासीला, मिस्टरांच्या नोकरीमुळे गेलो आणि मग मीही एका खत-औषधाच्या दुकानाचे हिशोब बघायला लागले. त्या दुकानातल्या उधारीच्या वहीने मला ही घरं शिकवली. कोण कधी पैसे देतो, कोण ऑगस्टमध्ये रस्ता बदलून जातो, आणि नोव्हेंबर उजाडला की कोण सगळ्यात आधी येऊन माझं नाव खोडा म्हणतो.

कोकोचा मेन सीझन ऑक्टोबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत आटपत येतो, मग मध्ये एक छोटा तोडा असतो, आणि जून-जुलै-ऑगस्टला हात अगदी रिकामे. पण खर्च नेमका तेव्हाच. तण काढायचं तेव्हाच, फळं काळी पडून कुजतात त्या रोगावर फवारा मारायचा तोही पावसातच. म्हणजे पैसा हवा तेव्हा नाही आणि येतो तेव्हा आधीच कुणालातरी द्यायचा असतो. बऱ्याचदा ज्याच्याकडे माल घालायचा त्याच खरेदीवाल्या क्लार्ककडून उचल घेतलेली असते. आता त्याचेच पैसे घेतल्यावर त्याच्या काट्याबद्दल काय बोलणार?

तो काटा मी पाहिलाय. पश्चिमेकडे सेफवी भागात उधारी वसूल करायला गेले होते, गावात पत्र्याची शेड, तिथे डायलचा काटा लटकवलेला. एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना ओपानिन म्हणायचे, म्हणजे आपण गावात वडीलधाऱ्याला तात्या-आबा म्हणतो तसं. त्यांनी आणलेले दाणे म्हणजे बघा, कोयत्याने फळं फोडून, गर केळीच्या पानांवर ढीग करून, वरून पानांनीच झाकून सहा दिवस आंबवलेले, त्या ढिगाला हात लावला तर चटका बसतो आणि वास अगदी व्हिनेगरसारखा, मग आठवडाभर चटयांवर वाळवायचे, दिवसातून कितीतरी वेळा खालीवर करायचे, ढग आला की धावत जाऊन गुंडाळायचे. इतकं करून गोणी काट्याला लावली आणि ओपानिननी काट्याकडे बघितलंच नाही, खाली जमिनीकडे बघत उभे राहिले. मी नंतर विचारलं तर म्हणाले, घरी मोजून आणलेलं असतं, इथे किती भरणार तेही माहीत असतं, बघून काय करू. काटा मारणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण गोणीमागे दोन-तीन किलो जरी गेले तरी वर्षाला अर्धी गोणी जाते हो.

आता हिशोब. पावती फाडायची गोणी 64 किलोची. दोन हेक्टर बाग धरा, हेक्टरी 400 किलो धरा, तिथल्या जुन्या झाडांना हे चांगलंच म्हणायचं, म्हणजे 800 किलो, साडेबारा गोण्या. 2023 च्या सीझनला सरकारने भाव दिला गोणीला 1,308 सेडी. झाले 16,350 सेडी. त्या वेळी सेडी साधारण 7 रुपये, म्हणजे एक लाख 14 हजार रुपये, वर्षाचे, सहा माणसांच्या घराला, आणि यातून खत, फवारा, मजुरी अजून वजा करायचीय. बाग स्वतःची नसेल आणि अबुनूवर केली असेल, म्हणजे आपल्या भाषेत अर्धेलीने, तर याचे निम्मे. अबुसा असेल तर तिसरा हिस्सा.

मग तुम्ही पेपरात वाचलं असेल की कोको सोन्यासारखा महाग झाला. खरंच झाला. वर्षानुवर्षं टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असणारा माल मार्च 2024 ला दहा हजारांच्या पार आणि डिसेंबरला बारा हजारांच्यावर. घानाच्या सरकारनेही भाव वाढवला, सप्टेंबर 2024 ला गोणीला 3,000 सेडी. सव्वादोन पटीपेक्षा जास्त! मला कुमासीतल्या आपल्या लोकांनी विचारलेलं, आता तुझे उधारीवाले मालामाल झाले असतील ना.

अहो, भाव वाढला तो माल नव्हता म्हणून वाढला. झाडांना एक व्हायरस लागतो, फांद्या सुजतात, पिठ्या ढेकूण तो पसरवतो, आणि औषध नाही, झाड तोडणं एवढाच उपाय. त्यात पावसाने घोळ घातला. 2020-21 ला घानात साडेदहा लाख टनाच्या जवळपास कोको झाला होता, 2023-24 ला त्याचा अर्धाच. त्या साडेबारा गोण्यांच्या जागी सहा गोण्या धरा. सहा गुणिले 3,000, झाले 18,000 सेडी. आधी 16,350 होते. एवढ्या सगळ्या तेजीतून त्या घराला मिळाले 1,650 सेडी जास्त, आणि त्याच्या आधीच महागाई अशी की डिसेंबर 2022 ला 54 टक्क्यांना टेकलेली. भाव म्हणजे उत्पन्न नव्हे, एवढी एकच गोष्ट सांगायला मी आज आलेय असं समजा.

आणि सरकारने अख्खा भाव का नाही दिला, तर तिथे कोकोची निर्यात कोकोबोड नावाच्या सरकारी बोर्डाच्या हातात असते. आपल्याकडे 1972 ला कापूस एकाधिकार खरेदी आली होती तसंच काहीसं, जुन्या लोकांना आठवेल. बोर्ड बराचसा माल सीझनच्या आधीच विकून टाकायचं, 2023-24 पर्यंत त्या सौद्यांवर परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं आणि त्यातून शेतकऱ्याला पैसे द्यायचं. बाजार पडला तर शेतकरी वाचतो, पण चढला की जुन्या सौद्याच्या भावातच माल द्यावा लागतो. मला ही पद्धत वाईट वाटत नाही, मोकळ्या बाजारात हे लोक कधीच उघडे पडले असते, 2025 संपेपर्यंत तोच जागतिक भाव निम्म्याच्या खाली आला होता ना. पण मग चढलेल्या वर्षाचं काहीतरी बाजूला पडून त्यांच्यापर्यंत यायला हवं, ते येत नाही, आणि याचा मला अजूनही राग येतो. 1937-38 ला याच लोकांच्या आजोबांनी युरोपियन कंपन्यांनी मिळून भाव पाडला म्हणून महिनोन् महिने कोको विकलाच नव्हता. असहाय लोक नाहीत ते.

बायकांचं सांगते. फवाऱ्याला पाणी डोक्यावरून त्या आणतात, आंबवलेले दाणे घरी त्या वाहतात, वाळवण जवळजवळ सगळं त्यांचं, आणि पासबुकावर नाव नवऱ्याचं. तिथल्या अकान जमातीच्या लोकांत वारसा आईकडून चालतो, म्हणजे नवरा गेला की बाग त्याच्या बहिणीच्या मुलाकडे. 1985 ला कायदा झाला, बायको-मुलांना हिस्सा मिळाला, पण गावात कायदा पोचायला वेळ लागतो. दुकानात एक मामे यायची, तिकडे बाईला मानाने मामे म्हणतात, बावीस वर्षं लावलेली बाग भाच्याकडे गेलेली, आता त्याच बागेत रोजाने जायची. माझ्याकडे फवाऱ्याचं औषध घ्यायची तेही भाच्याच्या खात्यावर.

आणि मुलांना कामाला का लावतात असं विचारतात लोक, एकदम तुच्छतेने. मजूर लावायला पैसे नसतात म्हणून लावतात. पूर्वी न्नोबुआ चालायची, आपली सावड हो, आज माझ्याकडे उद्या तुझ्याकडे. पण तरुण पोरं सोन्याच्या बेकायदा खाणींवर गेली, तिथे रोजचा रोकडा पैसा मिळतो, मग सावडीला माणूस कुठून आणायचा?

मागे बसलेल्या काकांनी मघाशी विचारलं, रोगट झाडं आहेत तर तोडून नवीन का नाही लावत. काका, तुमची सुपारीची बाग आहे म्हणून तुम्हाला बरोबर सुचलं. नवीन झाडाला फळ धरायला तीन वर्षं तरी जातात, तोवर खायचं काय हा एक भाग झाला, रोपाच्या सावलीला केळी-कसावा लावून थोडं भागतंही. दुसरा भाग मला दोन वर्षं कळला नव्हता. ओपानिन मूळचे त्या गावचे नाहीत, तरुणपणी उत्तरेकडून आले, जंगल तोडून अर्धेलीने बाग लावली. त्यांचा हक्क कशावर, तर झाडांवर. तोंडी करार होता, झाडं आहेत तोवर अर्धी बाग तुझी. जमीनमालकाचा मुलगा आता शहरातून येऊन बागेत फिरून जातो. झाडं तोडली त्या दिवशी तो म्हणणार, करार संपला. म्हणून ती सुजलेल्या फांद्यांची झाडं, वर्षाला पाच-सात फळं देणारी, ओपानिननी तशीच उभी ठेवलीत, आणि दर पावसाळ्यात त्यांच्याखालचं तण मात्र न चुकता काढतात.