कौल सरकलं की पाणी तिथंच गळतं

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावी, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात एका दंतवैद्य बाईंनी दातांत अन्न अडकण्याबद्दल दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, आधी समोर बसलेल्या बायकांना एक विचारते. किती जणींच्या बांगडीत आत्ता सेफ्टीपिन आहे? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर. आणि जेवण झाल्यावर त्याच पिनेनं दात कोरणाऱ्या किती? आता हात खाली गेले. लाजायचं काही कारण नाही. माझी आईही हेच करायची. मटणाचं जेवण झालं की परसदारच्या पायरीवर बसायची, बांगडीतली पिन सोडवायची, जिभेनं उजवीकडची जागा चाचपायची आणि डोळे मिटून कोरत राहायची. झालं की पिन पदराला पुसून परत बांगडीत. मी शाळेत असल्यापासून तिची कोरायची जागा एकच. खालच्या उजव्या जबड्यातली शेवटची दाढ, तिच्या पुढची फट.

मी दंतवैद्य झाल्यावर पहिल्यांदा तिच्या तोंडात नीट पाहिलं. त्या दाढेच्या पुढची दाढ कधीतरी काढलेली होती आणि तिथं दुसरा दात बसवलाच नव्हता. बसवायला हवा, असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. मग मागची दाढ हळूहळू पुढं कलली, वरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरली, आणि कललेल्या दाढेच्या पोटाशी एक खळगा तयार झाला. भाकरीचा घास घेतला की वरच्या दाढेचं टोक तो घास त्या खळग्यात ठोकायचं. खलबत्त्यात कुटल्यासारखं, दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. मी पाहिलं तेव्हा तिथलं हाड इतकं झिजलं होतं की ती दाढही वाचली नाही. म्हणून आज मी पिनेवर रागावायला आलेली नाही. तुम्हाला पिन का लागते, ते सांगायला आले आहे.

कधीतरी काहीतरी अडकणं हा आजार नाही. उसाचं कांडं दातानं सोललं, मेथीची भाजी खाल्ली, भाजलेलं कणीस खाल्लं, पेरू खाल्ला, तर कुणाच्याही दातात एखादा धागा, एखादी बी राहते. चूळ भरली की जाते. पण रोज, त्याच फटीत, काहीही खाल्लं तरी अडकत असेल, तर तिथं काहीतरी बिघडलंय, हे पक्कं समजा.

आपल्या खानापूरच्या पावसात कौलारू घरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. माकडानं एक कौल सरकवलं की पाणी नेमकं तिथंच गळतं. तुम्ही खाली बादली ठेवता, ती भरते, ओतता, परत ठेवता. पण कुणीतरी वर चढून कौल जागेवर बसवत नाही तोवर गळती थांबत नाही. काडी, पिन, टाचणी ही सगळी बादली आहे.

दातांचं कौल म्हणजे काय? शेजारचे दोन दात एका बारीक जागी एकमेकांना घट्ट टेकलेले असतात. त्या टेकण्याच्या खाली हिरडीचं छोटं त्रिकोणी टोक फट भरून बसलेलं असतं. चावताना घास घसरून गालाकडं किंवा जिभेकडं जातो, मध्ये शिरत नाही. दात साफ करायचा धागा, ज्याला फ्लॉस म्हणतात, तो निरोगी दातांमधून सहज जात नाही, किंचित अडतो आणि मग टक्कन खाली उतरतो. ते टेकणं सैल झालं, की घास वरून खाली ठोकला जातो. हिरडीचं टोक खाली गेलं, की बाजूनं शिरतो. १९३० साली आयझॅडोर हिर्शफेल्ड नावाच्या अमेरिकी दंतवैद्यानं ही सगळी कारणं गटवार मांडली. आज जवळजवळ शंभर वर्षांनीही आम्ही त्याच वाटेनं तपासतो.

टेकणं सैल होण्याचं सगळ्यात फसवं कारण म्हणजे दोन दातांच्या मधली कीड. ती वरून दिसत नाही. दाढ आरशात पांढरीशुभ्र दिसते आणि आतून शेजारच्या बाजूनं पोखरलेली असते. अचानक एखाद्या फटीत अडकायला लागलं, धागा घातला तर तो पिंजून निघतोय, गोड खाल्लं की कळ येतेय, तर ही शंका घ्या. एक्स-रे काढल्याशिवाय ती सापडत नाही. आणि इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. मटणाचा धागा टोचतो म्हणून आपण तो काढतो. पण चुरमुरे, बिस्किटं, उकडलेलं रताळं, गोकाकच्या करदंटातला गूळ, हे टोचत नाही. मऊ होऊन दाताला चिकटून बसतं, जिभेला कळतही नाही, आणि कीड करायला तेच पुढं असतं.

दुसरं कारण आमच्याकडचं, म्हणजे डॉक्टरांकडचं. दाढ भरताना शेजारच्या दाताशी टेकवण नीट बसली नाही, कॅप सैल बसली, किंवा दोन दाढा एकाच गोळ्यात भरून टाकल्या, तर दाढ बरी आणि फट नवी, असं होतं. माझ्याच खुर्चीवरून उठून गेलेला एक शेतकरी आठ दिवसांनी परत आला. म्हणाला, ‘ताई, दुखायचं थांबलं, पण आता अर्धी भाकरी तिथंच राहती.’ मी धागा घातला तर कुठं न अडता सरळ खाली. चूक माझीच होती. ते भरलेलं सगळं काढून, दाढेभोवती पातळ पट्टी गुंडाळून, मध्ये पाचर मारून पुन्हा भरलं, तेव्हा ते टेकलं. तेव्हापासून पेशंटला खुर्चीवरून उठवायच्या आधी मी धागा घालून बघते. तुम्हीही बिनधास्त म्हणा, ‘डॉक्टर, जरा धागा घालून दाखवा.’ त्यात कुणाचा अपमान होत नाही.

तिसरं हिरड्यांचं. पायोरिया झाला, हाड खाली गेलं, हिरडी उतरली, की दातांच्या मुळाशी काळे त्रिकोण दिसायला लागतात. साखरेचा आजार असेल तर हे लवकर होतं. आणि आपल्या भागात मिश्री. तंबाखू निपाणीकडं पिकतो, पण मिश्रीची डबी प्रत्येक गावात आहे. मिश्रीनं दात स्वच्छ होतात, ही समजूत मनातून काढा. जिथं ती बोटानं घासली जाते, जिथं दाबून ठेवली जाते, तिथलीच हिरडी खाली सरकते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. आक्का, मावशी, तुम्हाला सोडता येत नाही हे मला माहीत आहे. पण सुनेला, नातीला ती डबी दाखवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

हिरड्यांवरून एक तक्रार नेहमी येते. ‘दात साफ करून घेतले आणि फटी पडल्या.’ फटी आधीच पडलेल्या असतात, त्यात दगडासारखं किटण भरलेलं असतं. किटण काढलं की फट दिसते. भिंतीतलं वारूळ काढल्यावर भोक दिसतं, ते काढणाऱ्यानं पाडलेलं नसतं. किटण तसंच ठेवलं तर हाड जात राहतं आणि शेवटी दातच हलायला लागतो.

अक्कलदाढेचं थोडक्यात सांगते. ती आडवी असेल किंवा अर्धी हिरडीखाली असेल तर तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न साचतं, सूज येते, आणि पुढची चांगली दाढही किडते. तिच्याबाबतीत एक्स-रे काढून काय ते ठरवा. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत अडकत असेल तर ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडू नका. त्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

आता करायचं काय? रात्री काही अडकलं आणि टोचतंय, तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जोरात चूळ भरा. नाही निघालं तर धागा. हातभर धागा तोडायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन बोटं जागा ठेवायची. वरून दाबून मारायचा नाही, नाहीतर हिरडी कापते. करवतीसारखा मागंपुढं हळू सरकवत उतरवायचा, मग एका दाताला मिठी मारल्यासारखा वाकवून वर ओढायचा, मग दुसऱ्या दाताला. तुकडा घट्ट बसला असेल तर धाग्याला बारीक गाठ मारा आणि ती गाठ आडवी ओढून काढा. शिवणाचा दोरा वापरू नका. काळे त्रिकोण असणाऱ्यांना धाग्यापेक्षा फटीतला ब्रश बरा. बाटली धुवायच्या ब्रशासारखाच, पण काडीएवढा. मापाचा घ्या, घुसवू नका. दाताला पाच बाजू असतात, साधा ब्रश तीनच बाजूंना पोचतो. उरलेल्या दोन बाजूंसाठी रोज रात्री हे एकदा करायचं.

पिन मात्र नको. लाकडी काडीनंही हिरडीचं टोक रोज दाबलं जातं, आणि ते एकदा गेलं की सहसा परत वाढत नाही. फट मोठी होते, मग काडीही जाड लागते.

आणि कौल बसवायचं काम दवाखान्यातच होतं. कीड असेल तर भरणं, सैल कॅप बदलणं, ठोकणारं टोक थोडं घासून गोल करणं, हिरड्यांवर उपचार, काढलेल्या दाढेच्या जागी दात. दाढ काढली असेल तर वर्षानुवर्षं थांबू नका, कारण शेजारचे दात थांबत नाहीत. खर्चाची काळजी असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, या दोन्ही शिक्षणसंस्थांची दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. जाताना कुठल्या फटीत, किती दिवसांपासून, काय खाल्ल्यावर अडकतं, एवढं लक्षात ठेवून जा. मराठीत सांगा, कानडीत सांगा, पण जागा बोटानं दाखवा. निम्मं निदान तिथंच होतं.

मी धाग्याची रिळं आणली आहेत, आरसाही आहे. मागचे तात्या, तुम्ही मघापासून डाव्या गालात जीभ फिरवताय. या, आधी तुमची ती जागा बघू.