तीस सेकंदांचे मूकपट

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजच्या निमंत्रणपत्रिकेवर दोन विषय एकत्र छापले आहेत: दूरदर्शनवरच्या जुन्या जाहिराती आणि विनोदी मूकपट. या सभागृहातल्या बहुतेकांना ‘निरमा’चे गाणे तोंडपाठ असेल आणि ‘सर्फ’च्या ललिताजींचा व्यवहारी ठसकाही आठवत असेल, त्यामुळे त्या जाहिरातींची ओळख करून देण्यात मी वेळ घालवत नाही. त्या काळातल्या सर्वोत्तम जाहिराती म्हणजे विनोदी मूकपटांचीच पुढची पिढी होती, हे मला आज मांडायचे आहे. तत्पूर्वी मूकपटांवर झालेल्या एका अन्यायाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते.

मूकपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तुरुतुरु धावणारी, झटके देत वळणारी माणसे उभी राहतात. लग्नाची चित्रफीत पुढे पळवली की घरातले कोणीतरी ‘चार्ली चॅप्लिन झाला’ असे म्हणते आणि सगळे हसतात. परंतु 1920 च्या दशकात चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाने पाहिलेला चॅप्लिन असा नव्हता. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला 16 चित्रे, कधी 18, कधी 20 किंवा त्याहून अधिक, असे प्रसंग पाहून ठरत असे. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी वेग 24 वर बांधला गेला, आणि आपल्या दूरचित्रवाणीवर तो 25 झाला. 16 च्या वेगाने टिपलेला प्रसंग 25 च्या वेगाने दाखवला, तर नट दीडपटीहूनही अधिक वेगाने हालचाल करणार, हे साधे गणित आहे. विनोदी प्रसंग मुद्दाम थोडे हळू दांडा फिरवून टिपत, म्हणजे पडद्यावर हालचालीला किंचित लगबग यावी. ही लगबग स्वयंपाकातल्या मिठासारखी मोजून घातलेली असे, आणि पुढच्या मंडळींनी तिच्यावर आणखी मूठभर मीठ ओतले.

1925 च्या ‘द गोल्ड रश’मधला बूट खाण्याचा प्रसंग आठवा. बाहेर बर्फाचे वादळ आहे, झोपडीत दोन उपाशी माणसे आहेत आणि ताटात उकडलेला बूट आहे. चॅप्लिन तो एखाद्या मेजवानीतल्या पाहुण्याच्या अदबीने खातो. नाड्या काट्याला गुंडाळून शेवयांसारख्या तोंडात घालतो, तळव्यातले खिळे हाडातला रस चोखावा तसे एकेक करून चोखतो आणि बाजूला ठेवतो. (तो बूट लिकोरिस नावाच्या गोड पदार्थाचा केलेला होता.) या प्रसंगातला सारा विनोद त्या सावकाशीत आहे. भूक घाई करायला सांगते आणि माणूस घाई करीत नाही, म्हणून आपण हसतो आणि हसता हसता गलबलतो. हाच प्रसंग एका वाहिनीवर मी पळवलेल्या वेगात पाहिला. वर अखंड ठणठणणारा पियानो आणि प्रत्येक घासाला फुगा फुटल्याचा आवाज. माझ्या शेजारी बसलेल्या शाळकरी मुलाने ‘हे काय खातायत?’ असे विचारले. खाण्यातली अदब दिसेनाशी झाल्यामुळे त्याला बूटच ओळखता आला नव्हता. त्या मुलापासून चॅप्लिन हिरावून घेतला गेला असे मला त्या दिवशी वाटले, आणि आजही वाटते.

मूकपटांतला दुसरा थोर विनोदी नट बस्टर कीटन, त्याचेही तेच. 1928 च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरी वजनदार होती आणि खिडकीत त्याच्या अंगाभोवती जेमतेम काही इंचांची जागा होती. भिंत तिच्या स्वाभाविक वेगाने पडली तरच तिचे वजन प्रेक्षकाच्या पोटात जाणवते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्द्याकडे वळतो.

दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती 1976 मध्ये सुरू झाल्या आणि 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागला. मदुराई, कोल्हापूर आणि गुवाहाटी इथल्या प्रेक्षकांपर्यंत एकाच चित्राने पोहोचायचे, ही अट मूकपटांच्या काळातल्या अटीशी मिळतीजुळती होती. आपल्या मूकपटांत निरनिराळ्या भाषांतल्या पाट्या दाखवीत, पण कथा पुढे नेण्याचे काम शरीर आणि वस्तू करीत. जाहिरातवाल्यांनाही तोच मार्ग सापडला. ‘चेरी ब्लॉसम’ बूटपॉलिशच्या जाहिरातीत तर चार्लीच्या वेषातला नटच आला. तिकडे अमेरिकेत आयबीएमने 1980 च्या दशकात आपला नवा संगणक लोकांना परका वाटू नये म्हणून चार्लीच्याच भटक्या पात्राच्या हाती दिला. स्वतः कीटनने उतारवयात ‘अल्का-सेल्टझर’ या पोटाच्या औषधाच्या आणि फोर्डच्या व्हॅनच्या जाहिराती केल्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता वस्तूशी झुंजण्याची त्याची कला तिथेही दिसते.

याहून महत्त्वाचा वारसा रचनेचा आहे. ‘फेविकॉल’ची बसची जाहिरात घ्या. वाळवंटातल्या खडबडीत रस्त्यावरून बस हेलकावत चालली आहे. टपावर, दारात, खिडक्यांना माणसे लगडली आहेत आणि एकही पडत नाही. कोणी अवाक्षर बोलत नाही. बस पुढे निघून जाते तेव्हा मागच्या बाजूवरची पाटी दिसते आणि कारण कळते. आधी अशक्य दृश्य, मग ताणलेली प्रतीक्षा, शेवटी एका वस्तूने दिलेला उलगडा, ही बांधणी कीटनची आहे. आवाज बंद करून पाहिले तर ‘निरमा’ची जाहिरात निम्मी उरते, ही मात्र जवळपास सगळी उरते.

वेळ संपली आहे, पण एक विनंती राहते. अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाच्या 2013 च्या अहवालानुसार तिथल्या जवळजवळ अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम 14 टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. आपले मूकपट तर त्याहूनही कमी उरले. जाहिरातींची गत वेगळी नाही, कारण त्या जपण्याजोग्या आहेत असे कोणालाच वाटले नाही. ‘महाभारत’ किंवा ‘ये जो है जिंदगी’ घरच्या व्हीसीआरवर टिपताना जाहिरात लागली की आपण तत्परतेने यंत्र थांबवीत होतो. ज्यांना ते थांबवायचा कंटाळा आला, त्यांच्या कॅसेटी आज मोलाच्या आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील, तर बुरशी लागण्यापूर्वी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या आणि प्रत करणाऱ्याला मधल्या जाहिराती कापू नकोस असे बजावून सांगा.