शिकायचं आणि खाटेपाशीच राहायचं

(नाशिकमध्ये नर्सिंगचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. आवाज मागपर्यंत येतोय ना? पुढे फर्स्ट इयरच्या मुली आहेत, मधे तीनचार मुलगेही दिसतायत, बरं वाटलं, मागे आईवडील आहेत आणि पेठकडून दोन आशाताई सकाळची पहिली एसटी धरून आल्यात. मला विषय दिलाय नर्सिंगमधलं पुढचं शिक्षण. मी तो बाळंतपणापुरताच घेणार, कारण माझी सव्वीस वर्षं लेबर रूममध्ये गेली नाहीतर लेबर रूम शिकवण्यात गेली, आणि ज्यातलं आपल्याला कळतं तेवढंच बोलावं.

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. पास झालात की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवता आणि सर्टिफिकेटवर दोन गोष्टी येतात, रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करायला शिकलेली सिस्टर. माझ्याही सर्टिफिकेटवर आल्या होत्या, आईने ते देवापुढे ठेवलं होतं. आणि मग घाटापलीकडच्या एका छोट्या दवाखान्यात माझी पहिली नाईट लागली. रात्री दीडच्या सुमारास एक पहिलटकरीण आली, एकोणीस-वीस वर्षांची असेल, बरोबर सासू, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक ट्यूब चालू. माझ्या लॉगबुकात बाळंतपणं पूर्ण भरलेली होती, सह्यांसकट. पण खरं काय होतं ते सांगते, त्यातल्या निम्म्या वेळा मी पाच मुलींच्या मागे टाचा उंच करून उभी होते आणि एकच बाळंतपण पाचही जणींनी आपापल्या लॉगबुकात लिहिलं होतं. त्या मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि मला कळेचना की डोकं कुठे, पाठ कुठे. हात थरथरत होते. तिथली मावशी, जी फरशी पुसायची, चादरी बदलायची, ती म्हणाली, सिस्टर, बसा जरा, अजून वेळ आहे. ती बरोबर होती. पहाटे डॉक्टर आले, बाळ सुखरूप झालं, पण कागदावर मी मिडवाइफ होते आणि त्या खोलीत मिडवाइफ असलीच तर ती मावशी होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर लसीकरणाला गेले होते, तिथे एक म्हातारी सुईण भेटली. तिचं काम बघायला मिळालं ते योगायोगाने, एका बाईला आठवा महिना होता आणि पोट बघायला तिने आजीला बोलावलं होतं. आजी आली, चुलीपाशी बसली, आणि पाच मिनिटं नुसते हात शेकले. मला वाटलं थंडी वाजतेय. म्हणाली, पोरी, थंड हात लागला का पोट आकसतं, मग पोटातलं सांगत नाही. मग तिने दोन्ही तळवे वर ठेवले, बाजूने खाली आली, थांबली, परत वर गेली. पोट चाचपून बाळ कसं आहे ते ओळखायला आम्हाला पुस्तकात लिओपोल्डच्या चार पायऱ्या शिकवतात ना, जवळजवळ तेच, तिला लिओपोल्ड कोण ते माहीत नव्हतं. आणि मग म्हणाली, आडवं आहे, माझ्याच्याने व्हायचं नाही, हिला महिना भरायच्या आत नाशकाला ने. हे शेवटचं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. सावळघाट ओलांडून, म्हणजे पावसाळ्यात तो घाट काय असतो ते पेठवाल्यांना विचारा, कळा सुरू झाल्यावर ती बाई वेळेत पोचली नसती.

आता सुईणीचं सगळं बरोबर असं मी म्हणत नाही. नाळेला राख लावणं, वार पडली नाही की ओढणं, यात बाया गेल्यात, बाळं धनुर्वाताने गेलीत. म्हणून सगळ्यांनी बाळंतपणं दवाखान्यात आणली आणि ते योग्यच झालं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. देशात माता मृत्यूचं प्रमाण २००४-०६ मध्ये लाख जन्मांमागे २५४ होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं, आपल्या राज्यात तेव्हा ३३. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली. पण पोचल्यावर तिच्याजवळ बसणारं, तिचं अंग ओळखणारं माणूस तिथे आहे का? त्याच पाहणीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत १०० पैकी ४७ बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत आणि सरकारीत १४. ज्या बाईला सिझर लागतं तिला ते मिळालंच पाहिजे, शेवटपर्यंत आडव्याच राहिलेल्या बाळाला दुसरा इलाज नाही. पण जवळजवळ निम्म्या बायकांना ते लागतं हे मला कधीच पटलेलं नाही.

मी स्वतः काय केलंय तेही सांगते. एका ठिकाणी मी नोकरीला होते, नाव घेत नाही, तिथे पद्धत अशी होती की पहिलटकरीण म्हटली की कापायचंच, म्हणजे एपिझिओटॉमी, बाळाला वाट मोठी करायला खाली चीर द्यायची, गरज आहे का नाही हा प्रश्नच नाही. आणि जोर कमी पडतोय वाटलं की एकीने स्टुलावर चढून पोट दाबायचं. मी दाबलंय. त्यातल्या एका बाईचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही, ती मला हात जोडून नको म्हणत होती आणि मी तिला ओरडले होते. त्या वेळी मला तेच शिकवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की सरसकट कापू नका, पोट दाबू नका, आणि तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे हा जुना हट्टही सोडा, कारण पाच सेंटिमीटरच्या आधी कित्येक धडधाकट बायकांचं सावकाशच चालतं. मला हे वाचून रडू आलं होतं.

तर मिडवाइफला काय शिकवायचं असतं ते या दोन गोष्टींत आहे, थांबता येणं आणि कधी थांबायचं नाही ते ओळखता येणं. दोन्ही एकदम यावं लागतं. नुसतं थांबणारी बाई धोका करते आणि नुसती घाई करणारी पण. आणि हे वर्गात फळ्यावर येत नाही. मी मुलींना एक काम देते, कळा चालू असलेल्या बाईजवळ तीन तास बसायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा, हात तिच्या पोटावर. दहा मिनिटांत किती कळा आल्या, एक कळ किती सेकंद टिकली, हे घड्याळ बघून लिहायचं. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ऐकायचे, ११० ते १६० च्या मधे हवेत, आणि बाई जोर द्यायला लागली की दर पाच मिनिटांनी. डॉपलर, म्हणजे ठोके ऐकवणारं मशीन, असला तरी आधी फीटोस्कोपने, म्हणजे पोटाला लावायच्या साध्या नळीने ऐका म्हणते, कारण कान तयार झाला पाहिजे. पहिल्या दिवशी मुलींना आईचीच नाडी ऐकू येते आणि त्या खूश होऊन आकडा लिहितात. मी म्हणते, दुसऱ्या हाताने आईचं मनगट धर आणि परत ऐक. मग चेहरा उतरतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम ती टिकटिक सापडते, आणि ती मुलगी जी काय हसते ना!

आणि बाळ झाल्यावर काम संपलं असं वाटतं सगळ्यांना, घरचे पेढ्यांचं बघतात, आणि बाई जाते ती कित्येकदा याच तासात. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, १० युनिट, मांडीत, नाळ लगेच चिमटायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं, बाळ आईच्या छातीवर, वार पूर्ण आली का ते फिरवून फिरवून बघायचं, तुकडा राहिला असेल तर रक्त थांबणार नाही. मग पोटावर हात, गर्भाशय घट्ट गोळा लागला पाहिजे. मऊ लागलं की चोळायचं आणि हाक मारायची. हाक मारायला लाजायचं नाही. एकटीने बघू म्हणून घालवलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत.

हे सगळं नीट शिकायला वेळ आणि वेगळं शिक्षण लागतं. आणि इथेच आपल्याकडे एक विचित्र गोष्ट झालीय. पुढे शिकायचं म्हटलं की आपल्याला एम.एस्सी. नर्सिंग दिसतं, दोन वर्षांचं, त्यात प्रसूती आणि स्त्रीरोग ही शाखा आहे. आपलं आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, दिंडोरी रोडवर, १९९८ पासून, त्यामुळे नाशिककरांना ही डिग्री परकी नाही. मी केलीय, चांगली आहे, वाचायला आणि संशोधन करायला शिकवते. पण ती झाली की तुम्ही ट्यूटर होता, मग प्राध्यापक, मग प्रिन्सिपल, म्हणजे जितकं शिकाल तितकं खाटेपासून लांब. माझं तेच झालं. एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षं माझ्या हातात एकही बाळ आलं नाही, मी फक्त पेपर तपासत होते. डॉक्टरांचं बघा, एम.डी. झाला की तो पेशंटच्या आणखी जवळ जातो, अवघड केस त्याच्याकडे येते. नर्स जास्त शिकली की तिला खुर्ची मिळते.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने मिडवायफरीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या मला म्हणून महत्त्वाच्या वाटतात. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी, आपण एनपीएम म्हणू. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या, लेबर रूमचा अनुभव असलेल्या सिस्टरला आणखी १८ महिने शिकवायचं, त्यातलं एक वर्ष वर्ग आणि प्रत्यक्ष काम, आणि सहा महिने इंटर्नशिप, आणि मग तिला परत खाटेपाशीच पाठवायचं. मोठ्या दवाखान्यातच तिचा वेगळा कक्ष, मिडवायफरी-लेड केअर युनिट, जिथे धोका नसलेली बाळंतपणं ती स्वतःच्या जबाबदारीवर करेल आणि गडबड दिसली तर शेजारीच ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टर. तेलंगणात त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, करीमनगरच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात झाली होती. आणि २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा कायदा आला, त्याच्या नावातच नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन आहे. नावात आलं म्हणजे निदान कागदावर तरी हे वेगळं काम आहे हे मानलं गेलं.

अमेरिकेचं उदाहरण देते, तिथे नर्स-मिडवाइफ व्हायला २०१० पासून मास्टर्स किंवा त्यापुढची डिग्री लागतेच आणि वर एक राष्ट्रीय परीक्षा. पण तिथेही हे सहज झालेलं नाही. मेरी ब्रेकिनरिज नावाची एक नर्स होती, तिला मिडवायफरी शिकायला इंग्लंडला जावं लागलं, कारण तिच्या देशात नर्सला हे शिकवणारी शाळाच नव्हती. परत येऊन १९२५ मध्ये तिने केंटकीच्या डोंगरांत काम सुरू केलं, घोड्यावर बसून नर्सेस बाळंतपणाला जायच्या. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाण्याचे पाडे डोळ्यासमोर आणा, तसंच. त्या नर्सेस बऱ्याचशा इंग्लंडच्या होत्या, १९३९ ला महायुद्ध लागलं तशा त्या घरी परत गेल्या, आणि मग तिला तिथेच स्वतःची शाळा काढावी लागली. हे मी आदिवासी भागातून आलेल्या मुलींना मुद्दाम सांगते. बाहेरून आलेलं माणूस कधीतरी परत जातं. सुरगाण्याची मुलगी शिकली तर ती सुरगाण्याची भाषा बोलते, कळा देताना बाई इंग्रजीतच काय, पुस्तकी मराठीतही ओरडत नाही.

पालकांना एक सांगायचंय. अजून घरात ऐकू येतं की एवढं शिकवून शेवटी सुईणीचंच काम का. नाळ कापणं, रक्त, वार हे आपल्याकडे विटाळाचं मानलं, खालच्या मानलेल्या जातीतल्या बायकांवर टाकलं, त्यांच्यावाचून एकही वाडा चालला नाही आणि त्यांना ओटीवर कोणी बसवलं नाही. ती लाज काम करणाऱ्यांची कधीच नव्हती. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या तेव्हा त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गेलेली मुलगी होती ती.

आता माझी तक्रार. शिकवून तयार केलेल्या सिस्टरला तिच्याच कामावर ठेवत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी, हात असा की बाळंतीण तिला बघूनच शांत व्हायची, तिला सहा महिन्यांत रोटेशन म्हणून दुसऱ्या वॉर्डात टाकलं, मग ओपीडीत केसपेपरवर. विचारलं तर म्हणे सगळ्यांना सगळं यायला पाहिजे. भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणी रोटेशनने डोळ्यांच्या ओपीडीत बसवतं का? पद वेगळं पाहिजे, पगार वेगळा पाहिजे आणि बदली झाली तरी लेबर रूममध्येच झाली पाहिजे, हे तीन नाही झालं तर १८ महिने शिकून मुलगी परत नुसती स्टाफ नर्सच राहते. २०२१ च्या जागतिक मिडवायफरी अहवालात जगात नऊ लाख मिडवाइफ कमी आहेत असं म्हटलंय. आपल्याकडे ज्या तयार होतात त्यांना तरी जपा.

शेवटी मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं त्याचं उत्तर देते आणि थांबते. त्यांची मुलगी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे, एम.एस्सी.च्या वाटेने जाऊ दे का एनपीएमला. काका, आधी तिला दोन वर्षं जिथे भरपूर बाळंतपणं होतात अशा सरकारी लेबर रूममध्ये काम करू द्या, पगार कमी असला तरी. आणि ताई तू, एक दोनशे पानी वही घे. लॉगबुक कॉलेजसाठी असतं, ही वही तुझी. प्रत्येक बाळंतपणाला एक पान, बाईचं नाव लिहायचं नाही. पोट बघून तुला काय वाटलं ते आधी लिही, प्रत्यक्ष काय झालं ते नंतर त्याच्या खाली लिही. कुठे घाई केलीस, कुठे हाक मारायला उशीर झाला तेही. शंभर पानं भरली की माझ्याकडे घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू आणि मग फॉर्म कुठला भरायचा ते ठरवू.