किती असेल, सांगा बघू!

(दृश्य : आयर्विन पूल, घाटावरून. सकाळ. कृष्णेचं संथ पाणी.)

सांगलीत ऐन पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, “आयर्विनला किती फूट?” ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं, ते घरोघरी झोपेतून उठवून विचारा. फुटांशी एवढी घसट असलेल्या गावात नजरेचा अंदाज किती खरा ठरतो ते बघायला आम्ही दोन काठ्या घेऊन घाटावर बसलो.

एक काठी आडवी ठेवली. तिच्या बरोबर मध्यावर दुसरी उभी धरली. लांब कुठली?

पोहून आलेले एक आजोबा टॉवेल पिळत म्हणाले, “उभी. चांगली चार बोटं जास्त हाय.”

दोन्ही तीन-तीन फुटांच्या. शेजारी शेजारी धरून दाखवल्या, तेव्हा आजोबांनी काठ्या सोडून आमच्याकडंच संशयानं पाहिलं. पण यात त्यांचा दोष नाही. उभी रेघ सगळ्यांनाच थोडी लांब भासते. शिवाय आडवीचे उभीनं दोन तुकडे पाडलेले असतात, आणि तुकडे पडलेली रेघ आखूड दिसते.

(दृश्य : विश्रामबाग. बांधकाम. विटांचा आवाज.)

कोनांचं गणित आणखी वेगळं. कागदावर काढलेला ३५ अंशांचा कोन कुणी ३० सांगतो, कुणी ४५. काटकोनात मात्र जरा खोट असली तरी ती बहुतेकांच्या लगेच डोळ्यांत खुपते. उभ्या-आडव्या रेषांना आपली नजर सरावलेली, तिरक्यांशी तिचं फारसं जमत नाही. इथल्या गवंडीदादांना अंश विचारले, तर ते हसले. “अंश कोण मोजतंय? गुण्यात हाय का नाही, एवढं बघायचं.” गुण्यात म्हणजे काटकोनात. आणि थापी न थांबवता पुढं म्हणाले, “त्या कोपऱ्यात एक सूत बाहेर गेलंय.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोरी लावली. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, कर्ण पाच यायला हवा. कर्ण थोडा जास्त भरला.

(दृश्य : दंडोबाचा डोंगर. चढाचा रस्ता, दुपारचं ऊन.)

सांगली-मिरज म्हणजे सपाट मुलूख, त्यामुळं चढ म्हटला की इथं आधी धाप लागते, मग अंदाज निघतो. मोबाईल रस्त्यावर ठेवून पाच अंश दाखवणारा एक तुकडा आम्ही निवडला. सोबतची कॉलेजची मुलगी म्हणाली, “तीस तरी असेल की ओ!”

अगदी हाच प्रकार अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ साली नोंदवला होता. पाच अंशांचा चढ लोक सरासरी वीसच्या आसपास सांगत. पण गंमत पुढं आहे. त्याच लोकांना, आपल्या हाताकडं न बघता, तळव्याखालची फळी चढाइतकी तिरकी करायला सांगितलं, तर ती खऱ्या चढाच्या बरीच जवळ येई. असं का होतं, यावर जाणकारांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. आम्ही त्या मुलीच्या तळव्याला मोबाईल बांधला आणि तिला नुसतं रस्त्याकडं बघत हात कलवायला सांगितलं. मोबाईलवर आकडा आला आठ. तोंडानं तीस, हातानं आठ. एकाच माणसाचे!

(दृश्य : मिरज. दुकानाबाहेर टांगलेले वाळके भोपळे.)

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या एका कारागिरापुढं आम्ही शेवटची परीक्षा ठेवली. तंबोऱ्याच्या तारेचा मध्य दाखवा, टेप न लावता.

खरं तर ही परीक्षा त्यांची नव्हती, आमचीच होती. तारेच्या नेमक्या मध्यावर बोट अलगद टेकवून छेडलं, की तीच तार वरच्या सप्तकात बोलते. बोट जरा सरकलं, की आवाज बसतो. आमच्या सहायकानं बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं, बोट ठेवलं. थप्प. पुन्हा ठेवलं. पुन्हा थप्प.

कारागिरांनी हातातली कानस खाली ठेवली नाही. दुसऱ्या हाताच्या करंगळीनं तार नुसती शिवली आणि अंगठ्यानं छेडली. सूर खोलीभर उभा राहिला.

“डोळ्यानं शोधत बसू नका,” ते म्हणाले. “वाजवत वाजवत सरका.”

कॅमेरामन टेप आणायला गाडीकडं गेला. तो परत येईपर्यंत तंबोरा गवसणीत गेला होता.