नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना खाते क्रमांकातला शून्य कुठं गळतो?

नमस्कार. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे वर्षानुवर्षं हिशेब सांभाळणारा कॉम्प्युटर बदलायची वेळ बऱ्याच जुन्या व्यावसायिकांवर आली आहे. घरची तरुण मंडळी म्हणतात, डेटा एका क्लिकवर जातो. जातो, पण वाटेत सांडतो.

जुन्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची यादी सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून काढलीत, की आधी तिची कॉपी बाजूला ठेवा. आणि ती डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल आकडा दिसला की त्याला रक्कमच समजतं. मग ०४५१७ चं ४५१७ होतं. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नीट धरतं. तशीच फाइल सेव्ह केलीत, तर मूळ आकडे गेलेच.

त्याऐवजी रिकामी एक्सेल शीट उघडा. 'डेटा'मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा. नमुना दिसेल. नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर वरच्या 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' करून बघा. नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर मात्र याने सुटणार नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा फॉन्ट कन्व्हर्टर लागेल.

आता 'लोड' नाही, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. फोन, ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक, प्रत्येक कॉलमच्या डोक्यावरचं छोटं चिन्ह दाबून 'टेक्स्ट' करा. लगेच एक प्रश्न येतो. तिथं 'रिप्लेस करंट' निवडायचं. 'ॲड न्यू स्टेप' दाबलंत तर आधी शून्य उडतो आणि उरलेल्याचा टेक्स्ट होतो! मग 'क्लोज अँड लोड'.

सगळ्या जुन्या नोंदी नेण्याचा हट्ट मात्र सोडा. हिशेबाच्या वर्षाचा पहिला दिवस धरा, त्या दिवशीच्या सुरुवातीच्या शिल्लका घ्या आणि येणी बिलवार टाका. एकरकमी टाकलीत तर पैसे आल्यावर कुठलं बिल फिटलं ते कळत नाही.

दोन्हीकडचं तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी (ट्रायल बॅलन्स), जुळेपर्यंत जुन्या सॉफ्टवेअरमध्येही नोंदी चालू ठेवा. नंतर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा, पण भंगारात घालू नका. जुनं बिल कुणी मागितलं तर तिथंच सापडेल.